युनिटमागे दोन रुपये सूट, तरी भाचा चार्जिंगला जात नाही

कोळंबीभात (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ९:४८

बहिणीचं सासर पेडण्याला, भाचा म्हापशाला पायलट आहे. पायलट म्हटल्यावर पुण्या-मुंबईकडच्यांना विमान दिसतं, म्हणून सांगून ठेवतो: गोव्यात मोटरसायकल टॅक्सी चालवणारा तो पायलट. पिवळा मडगार्ड, रीतसर बॅच, कित्येक दशकांचा धंदा.

गेल्या दिवाळीत त्याने पेट्रोलची गाडी विकून इलेक्ट्रिक घेतली. बॅटरी तीन युनिटची. मागे माणूस, माणसाच्या मांडीवर पिशवी, मधेच चढाव, असं सगळं धरून नव्वद किलोमीटर जाते. रात्री घरी पूर्ण चार्ज करतो. एरवी तेवढ्यात भागतं, पण सीझनला दिवसाला सव्वाशे-एकशेतीस होतात. म्हणजे दुपारी कुठेतरी दीड युनिट भरावंच लागतं.

एका चार्जिंग कंपनीने पायलटांसाठी ऑफर काढली. ११ ते ३ मध्ये युनिटमागे २ रुपये सूट, आणि महिन्यात ठरावीक वेळा आलात तर शेवटी १५० रुपयांचं व्हाऊचर. मी त्याला म्हटलं, मिळतंय ते सोडू नये. दोनदा गेला, तिसऱ्यांदा गेला नाही. मी त्याला आळशी ठरवून मोकळा झालो.

मागच्या आठवड्यात म्हापशाला काम होतं, तेव्हा सकाळपासून त्याच्या स्टँडवर बसलो. आणि माझीच जीभ चावली.

स्टँडला नंबर असतो. आलात की शेवटी उभे राहायचं, पुढचा गेला की सरकायचं. भाचा सव्वाबाराला तिसरा होता. माझ्या समाधानासाठी म्हणून चार्जिंगला निघाला, मी मागे बसलो. पॉइंट दोन किलोमीटरवर. तिथे एक कार लावलेली, तिचं चार्जिंग संपलेलं, वायर तशीच आणि मालक जेवायला गेलेला. पंचवीस मिनिटं आम्ही कडुनिंबाखाली. मग पाऊण तास चार्जिंग. ॲपमध्ये सूट दिसली १ रुपया ३० पैसे. परत आलो तर स्टँडवर नववा नंबर. त्या वेळात त्याची दोन भाडी गेली.

तर प्रश्न असा. ज्या देशांत हा धंदा हजारोंनी चालतो, आफ्रिकेत, इंडोनेशियात, तिथे चालकाला चार्जिंगकडे वळवायला काय देतात? फक्त स्वस्त वीज देऊन कुणी वळतं का?

---

तिरकस_चष्मा · शनिवार, रात्री १०:१५

रात्री घरी चार्ज करा, विषय संपला. धागा बंद करा.

---

कोळंबीभात · शनिवार, रात्री १०:२१

तिरकस, धागा वाचलात तर बरं. रात्रीचं चार्जिंग होतंच आहे, दुपारच्या दीड युनिटाचं बोलतोय. आणि त्याच्याबरोबरचे निम्मे पायलट भाड्याच्या खोलीत राहतात. घरमालक गाडीला वायर लावू देत नाही, मीटर एकच आहे म्हणतो. त्यांना रात्रही नाही.

---

गजालीवाला · शनिवार, रात्री १०:४०

अरे मगे स्टँडारच प्लग देवा मां! हेच्यात कसलो मोठो अभ्यास? पण देतलो कोण, ह्यो प्रश्न.

---

गुहागर_ते_नैरोबी · रविवार, पहाटे १२:३५

सात वर्षं नैरोबीत आहे, कामाला बोडा-बोडानेच जातो. बोडा-बोडा म्हणजे तिथले पायलट. इलेक्ट्रिक बोडा आता रोज दिसतात, त्यामुळे चालकांशी गप्पा होतात. जे पाहिलं ते लिहितो.

आधी घड्याळ समजून घ्या, कारण इथूनच भारतातले लोक चुकीची नक्कल करतात. केनियाची जवळजवळ निम्मी वीज जमिनीखालच्या वाफेतून येते, नैवाशाजवळच्या ओल्कारियातून. ही वाफ रात्रीही येतच राहते. शहर झोपतं, मागणी पडते, आणि काही वाफ अक्षरशः हवेत सोडून द्यावी लागते. म्हणून तिथल्या नियामकाने एप्रिल २०२३ पासून ई-वाहनांसाठी वेगळा दर केला: युनिटला १६ शिलिंग आणि मागणी कमी असलेल्या वेळेत ८. बरोब्बर अर्धा. स्वस्ताई रात्री. आपल्याकडे उलटं आहे, सूर्य डोक्यावर असतो तेव्हा वीज उतू जाते.

आता गंमत. हा अर्धा दर बोडावाल्याच्या हातात येत नाही. त्यासाठी ई-वाहनांचं वेगळं मीटर लागतं. हा माणूस एका खोलीत भाड्याने राहतो, आधी पैसे भरायचं टोकनवालं मीटर, तेही घरमालकाचं. दर मिळतो तो बॅटरी बदलून देणाऱ्या कंपनीला. ती रात्री स्वस्तात बॅटऱ्या भरून ठेवते, बोडावाला दिवसा रिकामी देऊन भरलेली घेतो. दोन-तीन मिनिटांचं काम. म्हणजे वेळ सांभाळायचा त्रास चालकाकडून काढून कंपनीकडे गेला. मला विचाराल तर त्या व्यवस्थेतली खरी सवलत ही आहे. स्वस्त दर कंपनीच्या वहीत राहतो, चालकाला मिळतात वाचलेली मिनिटं.

पण तिथेही एक मेख आहे. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी एका बदलीचे ठरलेले पैसे घ्यायचे, बॅटरीत वीस टक्के उरली असो की चाळीस. मग कोण चाळीसवर बदलेल? प्रत्येक जण शेवटच्या थेंबापर्यंत ताणतो. एक तर रस्त्यात गाडी ढकलत येतो, नाहीतर सगळे एकाच वेळी, संध्याकाळच्या गर्दीच्या तोंडावर, केंद्रावर येऊन रांग लावतात. जेवढी वीज वापरली तेवढेच पैसे, असा हिशेब ठेवला की लोक वाटेत सोयीने बदलतात. माझ्या नेहमीच्या बोडावाल्याने हे मला एका वाक्यात सांगितलं होतं: पैसे सारखेच असतील तर मी भांडं चाटूनपुसूनच देणार ना.

---

तिरकस_चष्मा · रविवार, सकाळी ८:०५

माफी. काल न वाचता लिहिलं. आता वाचून लिहितो, तरी तिरकसच.

आपल्याकडची बहुतेक प्रोत्साहनं गाडी विकत घेण्यावर आहेत. फेम-२ ह्या केंद्राच्या ई-वाहन अनुदान योजनेत दुचाकीला बॅटरीच्या युनिटमागे १५,००० रुपये होते, जून २०२३ मध्ये ते १०,००० झाले. मग तिच्या जागी पीएम ई-ड्राइव्ह आली, तिच्यात ५,००० पासून सुरुवात आणि पुढच्या वर्षी २,५००. हे एकदाच मिळतं, तेही शोरूममध्ये. त्यानंतर तो माणूस रोज रस्त्यावर गाडी चालवतो त्याला काय? तर व्हाऊचर.

धागाकर्त्याच्या भाच्याचं गणित करा. दुपारचं दीड युनिट, २ रुपयांप्रमाणे ३ रुपये. वर्षात तीनशे दिवस गेला तरी ९०० रुपये. चहा दहाचा झालाय. दिवसाचा अर्धा चहासुद्धा नाही, आणि त्यासाठी स्टँडवरचा नंबर घालवायचा.

---

निवृत्त_वायरमन · रविवार, सकाळी १०:३०

नाव वायरमन असलं तरी मी अभियंता होतो, रत्नागिरी जिल्ह्यात तीस वर्षं. थोडं वीजवाल्यांच्या बाजूने.

सूट देणारा खुळा नाही. २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे सौर तासांतला, म्हणजे दिवसा सूर्य असतानाचा दर नेहमीच्या दरापेक्षा निदान वीस टक्के कमी ठेवायचा आहे. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारं) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. गोव्याचं दरपत्रक वेगळं आहे, पण सूर्य तोच. दुपारी गाडी भरली तर संध्याकाळी सातच्या शिखरावरचा भार तेवढा कमी. त्या भारासाठी वीज महाग घ्यावी लागते. म्हणून कंपनीला २ रुपये परवडतात.

फक्त हे २ रुपये चालकाला दाखवण्यात अर्थ नाही, हे धाग्यावरून मला पटलं. कारखान्यात महिन्याला लाख युनिट जळतात, तिथे दोन रुपयांनी माणूस पाळी बदलतो. पायलट जाळतो दिवसाला साडेचार युनिट. त्याच्या लेखी वीज आधीच एवढी स्वस्त आहे की ती आणखी स्वस्त केलेली त्याला जाणवत नाही. नव्वद किलोमीटरला पेट्रोल दोन लिटर, दोनशेच्या आसपास गेले. विजेला तीस-पस्तीस. पहिल्याच दिवशी दीडशे वाचले, आता आणखी तीन वाचवण्यासाठी तो कशाला धावेल?

गजालीवाल्यांचा प्लग मात्र मला आवडला. साधं गणित बघा. गाडीबरोबर मिळणारा चार्जर साधारण ७५० वॅटचा. वीस गाड्या एकदम लावल्या तरी पंधरा किलोवॅट. शंभर केव्हीएच्या रोहित्राला दुपारी ते कळणारही नाही. कळेल ते दुकानदाराच्या मीटरला, कारण त्याचा मंजूर भार असतो दोन-तीन किलोवॅट. पाच गाड्यांना स्वतंत्र कनेक्शनच हवं.

आणि पावसाळ्यात अर्थिंग. हे विनोदाने घेऊ नका. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग नीट बसत नाही, उन्हाळ्यात तर खड्डा कोरडा ठणठणीत. खारी हवा सॉकेटची पितळ सहा महिन्यांत हिरवी करते.

---

माडाखालची · रविवार, दुपारी २:१०

तारकर्लीला आमची होमस्टे आहे. बाईक टॅक्सी इथे नाहीत, पण दोन इलेक्ट्रिक रिक्षावाले आहेत, कुडाळ स्टेशनहून पाहुणे आणतात. त्यातल्या एकाला परतायला बॅटरी पुरत नव्हती. मी म्हटलं भाऊ, इथे लाव. मागच्या पडवीत पंपाचा १५ अँपिअरचा सॉकेट आहे, तो दिला. दीड तास लावतो, तोवर माडाच्या सावलीत झोपतो, सासूबाई सोलकढी देतात. मी कॅलेंडरवर रीडिंग लिहून ठेवते: बहुतेक वेळा तीन युनिट. पैसे घेत नाही.

का घेत नाही? कारण पाहुण्याने स्टेशनवर "चांगली खोली कुठे" विचारलं की तो आमचं नाव सांगतो. माझे तीस रुपये जातात, खोली लागते दोन हजारांची. तो चार्जिंगला माझ्याकडे येतो ते विजेसाठी नाही हो, सावलीसाठी आणि हक्काच्या जागेसाठी. इथे लावली की कुणी काढायला सांगणार नाही, हे त्याला माहीत आहे.

एक भीती आहे. हे वीज विकणं तर होत नाही ना? शेजारचे टोमणे मारतात.

---

निवृत्त_वायरमन · रविवार, दुपारी ३:४५

ताई, पैसेच घेत नाही तर विकणं कसलं. पैसे घेतलेत तरी गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्याला परवाना लागत नाही, असं केंद्राच्या ऊर्जा खात्याने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. फक्त घरगुती मीटरवरून तो धंदा करू नका. पैसे घ्यायचे झाले तर वेगळं कनेक्शन घ्या. आणि पंपाच्या सॉकेटवर रिक्षा लावताना पंप चालू करू नका. वायर हाताला गरम लागली की समजा ती बारीक आहे.

---

माडाखालची · रविवार, दुपारी ३:५२

वायर गरम लागते!! आजच बदलून घेते.

---

रत्नांग्रीचो · रविवार, संध्याकाळी ६:२०

महाराष्ट्राच्या ई-बाईक टॅक्सीबद्दल कुणीच बोललं नाही. २०२५ चे नियम आले ते फक्त इलेक्ट्रिक दुचाक्यांसाठीच. पण एक लाखावर लोकसंख्येच्या शहरांत, आणि ताफा किमान पन्नास गाड्यांचा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहर ७६ हजार. म्हणजे आम्ही बाद. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी तर विचारूच नका. कोकण रेल्वेची निम्मी स्टेशनं गावापासून पाच-सात किलोमीटर लांब, रात्री एकट्या माणसाला रिक्षा परवडत नाही. बाईक टॅक्सीची खरी गरज इथे, आणि नियम मुंबईचा नकाशा समोर ठेवून केलेला.

मुंबईसाठी ठरलेलं भाडं पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १० रुपये २७ पैसे. चार किलोमीटरला चाळीसच्या आसपास. ह्या भाड्यात भाच्याची दोन भाडी म्हणजे ऐंशी रुपये. सूट १ रुपया ३०. आता सांगा आळशी कोण?

---

कोळंबीभात · रविवार, रात्री ९:०५

मी. कबूल केलंय वरच.

आज भाच्याला फोन करून हा सगळा धागा वाचून दाखवला. त्याने दोन गोष्टी सांगितल्या, त्या माझ्या डोक्यात आल्या नसत्या. एक, शुक्रवार. म्हापशाचा बाजार शुक्रवारी. ११ ते ३ हीच तर त्या दिवशीची कमाई, बायका पिशव्या घेऊन रांगेत. ऑफर आखणाऱ्याने दुपार म्हणजे मोकळा वेळ असं धरलं. सोमवारी ते खरं आहे, शुक्रवारी साफ चूक. दुसरं, व्हाऊचर महिनाअखेरीस. तो म्हणाला, "मामा, घरात पैसे सांजेक लागतात." कर्जाचा हप्तासुद्धा त्याने पतसंस्थेत रोजच्या पिग्मीवर बांधून घेतलाय. दीडशे रुपये तीस तारखेला मिळणार असतील तर ते त्याच्या हिशेबातच धरलेले नसतात.

---

गुहागर_ते_नैरोबी · रविवार, रात्री ११:५०

पिग्मी! अगदी हेच. इथे बोडावाल्याचा गाडीचा हप्ता रोजचा असतो, मोबाईलवरून कापला जातो. एम-पेसा २००७ पासून आहे, चार शिलिंगसुद्धा त्याच क्षणी खात्यात पडतात. म्हणून इथे बक्षीस द्यायचं तर आजच्या हप्त्यातून वजा करतात. आज ह्या वेळेत बॅटरी बदललीस, आजचा हप्ता इतका कमी. ते त्याला दिसतं.

त्याची काळी बाजूही लिहितो, नाहीतर इथलं सगळं गोड वाटेल. हप्ता चुकला तर गाडी किंवा बॅटरी दूरवरून बंद करता येते. बॅटरी कंपनीची असली की ती घरी भरताही येत नाही. स्वस्त म्हणून घेतलेली गाडी एकाच दुकानाला बांधली जाते, आणि ते दुकान उद्या भाव वाढवेल तेव्हा चालकाकडे पर्याय नसतो. शेजारी रवांडात तर जानेवारी २०२५ पासून किगालीत प्रवासी वाहतुकीसाठी नवी मोटरसायकल इलेक्ट्रिकच नोंदवावी लागते. तिथे मग चार्जिंग कोणाच्या हातात आहे हाच मोठा प्रश्न होतो. भाच्याची बॅटरी स्वतःची आहे, घरच्या प्लगवर चालते, ते त्याने सोडू नये.

---

तिरकस_चष्मा · सोमवार, सकाळी ७:४०

म्हणजे एकूण शोध असा की स्वस्ताई नको, जागा द्या. गजालीवाल्यांनी दोन ओळींत सांगितलं होतं, आपण दोन दिवस घालवले.

---

गजालीवाला · सोमवार, सकाळी ७:५५

मी काय सांगी होतंय! पण देतलो कोण त्येचा उत्तर अजून कोणी देवक नाय.

---

निवृत्त_वायरमन · सोमवार, सकाळी ९:१५

उत्तर माडाखालच्या ताईंनी दिलं आहे. चालक जवळ थांबल्याने ज्याचा फायदा होतो, त्याने द्यावं. स्टँडजवळ कोण आहे? चहावाला, सोडावाला, भजीवाला. पायलट अर्धा दिवस तिथेच थांबून असतो. थांबणं हा त्याच्या धंद्याचाच भाग आहे. त्या थांबण्यातच बॅटरी भरली तर नंबर जात नाही, दोन किलोमीटर जायला नको, कारवाल्याची वाट बघायला नको. तासाला पाऊण युनिट म्हणजे बावीस-तेवीस किलोमीटर. दोन भाड्यांच्या मधली वीस-वीस मिनिटं जोडत गेलात तरी दुपारभरात दीड युनिट होऊन जातं. आणि ती भरतातही सूर्य असतानाच. वीजवाल्यांना हवं ते न सांगता झालं.

फक्त स्टँडवाल्यांनी एक नियम करावा: प्लगला गाडी लावलेल्याचा नंबर धरलेला राहील.

---

रत्नांग्रीचो · सोमवार, सकाळी ९:४०

आणि वादळ आलं की? निसर्गच्या वेळी, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडच्या गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पेट्रोलवाला तरी पंपावरून आणत होता.

---

निवृत्त_वायरमन · सोमवार, सकाळी ९:५८

त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी त्या जूनमध्ये खांबांवरच होतो.

---

कोळंबीभात · पुढचा रविवार, रात्री ८:३०

ताजी बातमी. भाच्याने स्टँडवर विषय काढला. पहिल्या दिवशी भांडण. पेट्रोलवाले म्हणाले, तुम्ही प्लगला लावून झोपाल आणि नंबर तुमचा कसा? शेवटी ठरलं ते असं: गाडी प्लगला असली तरी माणूस तिथेच हवा, हाक मारल्यावर दोन मिनिटांत वायर काढून निघायचं, नाही निघाला तर नंबर गेला. सोडावाल्याने दुकानासाठी जादा भार मागितला, वायरमनकडून तीन सॉकेट काढून घेतले, वर पत्र्याची वळचण. तासाला १० रुपये, रोख. एक सोडा घेतला तर ८. हा सोड्याचा भाग त्याच्या बायकोच्या डोक्यातला.

शुक्रवारी बाजारात कुणी प्लगला हातसुद्धा लावला नाही. शनिवारी दुपारी तिन्ही भरलेले, आणि एक रेंट-अ-बाईकवाला पर्यटक चौथी गाडी घेऊन उभा. त्याला हाकलला.

वायरमन काका, तुमचं अर्थिंगचं सांगितलंय. खड्ड्यात कोळसा-मीठ टाकलंय, रोज बादलीभर पाणी ओततात.

आत्ताच भाच्याचा निरोप आला: "मामा, आनीक दोन पॉइंट जाय." म्हणजे आणखी दोन हवेत.